लॉगची वाटणी

माझ्या नाकावर राग असतो, हे आमच्या देवपुरात सगळ्यांना ठाऊक आहे. शिकवणीला येणारं पोर आधी गल्लीत चौकशी करतं, मनाची तयारी करतं आणि मगच बेल वाजवतं. प्रेमकुंवरबाईंनी बेल वाजवलीच नाही. दार उघडं दिसलं तशा त्या सरळ आत आल्या, झोपाळ्यावर बसल्या आणि मागे वळून म्हणाल्या, "या गं दोघी."

माणकचंदशेठचं आग्रा रोडवर साड्यांचं दुकान आहे. धुळ्यात लग्न ठरलं की निम्मे लोक बस्ता बांधायला तिथेच जातात. प्रेमकुंवरबाई शेठजींच्या पत्नी, आणि मागून आलेल्या दोघी त्यांच्या सुना. दोघींच्या अंगावर एकाच ठाणातले ड्रेस, हातात एकाच छापाच्या पर्स. मी क्षणभर चष्मा पुसला.

"ही रुची, धाकटी," प्रेमकुंवरबाई म्हणाल्या. "हिचा बी.एस्सी.चा गणिताचा एक पेपर राहिलाय. ही विधी, थोरली."

"हिचा कोणता राहिलाय?"

"हिचा कोणताच नाही. ही बी.कॉम. झाली."

"मग ही कशाला आली?"

"दिपमालाबाई, आमच्या घरात एकीला जे, ते दुसरीला. एकीला शिकवणी तर दुसरीलाही शिकवणी."

नोकरीत असताना मी कॉलेजच्या प्राचार्यांना गप्प केलेलं आहे. पण या वाक्यापुढे मी दोघींसाठी चटई अंथरली. विधीकडे पाहिलं तर ती शांतपणे भिंतीवरचं कॅलेंडर वाचत होती. सासूबाईंच्या न्यायाची तिला सवय झालेली दिसत होती.

रुचीची अडचण खरी होती. लग्न झालं त्या वर्षी पहिल्या वर्षाचा गणिताचा पेपर राहिला आणि संसारात तो राहतच गेला. पुढचे सगळे विषय सुटले, हा एक अडकून बसला. तिला बी.एड. करून शिक्षिका व्हायचं होतं, आणि पदवी हातात नसेल तर बी.एड.चं दार कोण उघडणार? त्यात जुन्या अभ्यासक्रमाची ही शेवटची परीक्षा. या एप्रिलमध्ये पेपर सुटला तर सुटला, नाहीतर पुन्हा पहिल्या वर्षापासून सगळं. हे सांगताना ती हसत होती, पण पर्सची चेन सारखी उघडझाक करत होती.

दुसऱ्या दिवसापासून दोघी येऊ लागल्या. रुचीनं वही काढली. विधीनं पिशवीतून साडी काढली आणि फॉल लावायला बसली. माझे यजमान प्रेमराज दीपनगरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झालेले. त्यांनी आतून डोकावून पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "बठ्ठं घरज शिकाले उनं का व?"

सगळं घर कुठे, दोघीच तर आल्यात, असं डोळ्यांनीच सांगून मी त्यांना आत पाठवलं.

"लॉग म्हणजे काही भूत नाही," मी रुचीला म्हणाले. "दोनाला दोनानं गुणत आठापर्यंत जायचं, तर दोन किती वेळा घ्यावा लागतो?"

"तीन वेळा."

"झालं. दोनाच्या पायावर आठाचा लॉग तीन, चाराचा दोन, बत्तिसाचा पाच. घातांकानं संख्या वर चढवली, की लॉग खाली उभं राहून विचारतो, किती पायऱ्या चढलीस? बाकी त्याला काही येत नाही. आता आठ गुणिले चार, याचा लॉग?"

"तीन अधिक दोन. पाच."

"शाबास. गुणाकाराची बेरीज झाली. एवढ्यासाठीच तर लॉग जन्माला आला. आता आठ अधिक आठ, याचा लॉग सांग."

रुचीनं अजिबात न थांबता लिहिलं. आठाचा लॉग अधिक आठाचा लॉग, तीन अधिक तीन, सहा.

"लॉग सहा आला म्हणजे संख्या किती?"

"चौसष्ट."

"आणि आठ अधिक आठ?"

"सोळा."

"मग वरचे अठ्ठेचाळीस काय तुमच्या दुकानातून आले?"

रुची हसली, तिनं खोडलं आणि व्यवस्थित लिहून घेतलं. बेरजेचा लॉग फोडता येत नाही, खाली दोन रेघा. दुसऱ्या दिवशी कंसात बेरीज दिसली आणि रुचीबाईंनी पुन्हा लॉग दोघांना वाटला. तिसऱ्या दिवशी तेच. पोरगी हुशार होती. घातांकांची गणितं तोंडी करायची, वजा घातांक दिसला की पटकन छेदात न्यायची. पण कंसात अधिकचं चिन्ह दिसलं की तिचा हात आपोआप वाटणी करायचा.

शेवटी माझा आवाज चढला. "अगं, का करतेस असं?"

ती ओशाळली. "मॅडम, लॉग बाहेर उभा असतो. आत दोघं असतात. एकाला दिलं आणि दुसऱ्याला नाही दिलं तर कसंतरीच वाटतं."

मग कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. त्या घरात एकीला बांगड्या आणल्या तर दुसरीला त्याच मापाच्या येत. मग हात जाड असो की बारीक. एकीला ताप आला तर डॉक्टर दुसरीचीही नाडी पाहून जात. माहेरी जायचं तर दोघी एकाच दिवशी निघणार आणि एकाच दिवशी परतणार. रुचीचं माहेर अमळनेर. धुळ्याच्या स्टँडवर एसटीत बसली की तासाभरात आईच्या हातचा चहा. विधीचं माहेर राजस्थानात, पालीला. जाताना गाड्या बदलत एक दिवस, येताना एक दिवस, आणि मधल्या दिवसांत पाहुणे. तरी दोघींना दिवस मोजून सारखे. असं घर चालवणाऱ्या सासूबाईंना कुणी वाईट म्हणू शकत नव्हतं, ही खरी पंचाईत होती.

विधीनं साडीवरून मान वर न करता म्हटलं, "रुची, लॉग म्हणजे मम्मीजी नाहीत."

आम्ही तिघी इतक्या हसलो, की प्रेमराज पुन्हा डोकावून गेले. त्या दिवसापासून रुचीची चूक कमी झाली. गेली असं मी म्हणणार नाही. हाताला लागलेली सवय एका विनोदानं जात नाही.

मग सममिती सुरू केली. मी आलेख कागद दिले आणि एक्सच्या वर्गाचा आलेख काढायला सांगितला. मधल्या उभ्या रेषेवर कागदाची घडी घातली की डावी बाजू उजवीवर बरोब्बर बसते. साडीच्या घड्या घालणाऱ्या हातांना हे शिकवावं लागलं नाही.

"याला सम फलन म्हणायचं," मी म्हणाले. "एक्स द्या नाहीतर वजा एक्स द्या, उत्तर तेच. दोन्हीकडे सारखंच."

"म्हणजे आमचं घर," रुची म्हणाली.

"आता एक्सचा घन काढ."

तिनं काढला, घडी घातली, कागद उजेडाकडे धरला. "नाही बसत. उजवीकडचा भाग वर गेलाय, डावीकडचा खाली. यात सममिती नाही."

"आहे. कागद उलटा फिरव, वरची बाजू खाली. काय दिसतं?"

"तोच आलेख."

"हे विषम फलन. वजा एक्स दिलं की उत्तराचं चिन्ह बदलतं. उजवीकडे जेवढं वर, डावीकडे तेवढंच खाली. हीसुद्धा सममितीच, फक्त घडी घालून सापडत नाही."

विधीची सुई थांबली. "म्हणजे मॅडम, एकीकडे जास्त, दुसरीकडे तेवढंच कमी. मिळवलं तर शून्य?"

"हो."

"आणि हे पण बरोबरीचं धरायचं?"

"गणितात धरतात."

तिनं दातानं दोरा तोडला आणि पुढचा फॉल हातात घेतला. मला वाटलं, बिचारी कंटाळली असेल, वेळ घालवायला विचारलं.

परीक्षेत हमखास येणारं गणित मी शेवटी ठेवलं होतं. लॉगच्या कंसात दोन पदं, एक्स आणि त्याला मिळवलेलं एक वर्गमूळ. वर्गमूळाच्या आत एक्सचा वर्ग अधिक एक. हे फलन सम की विषम, दाखवा. रुचीनं प्रश्न वाचला आणि पहिल्याच ओळीत लॉग वाटून टाकला. एक्सचा लॉग अधिक वर्गमूळाचा लॉग.

मी पेन आपटलं. "कंसात बेरीज आहे ना? मग हात लावायचा नाही. ती दोघं एका कंसात राहतात, राहू देत. तू एक्सच्या जागी वजा एक्स घाल आणि दुसरा कंस तयार कर. आता दोन्ही कंसांचा गुणाकार कर."

ती गुणू लागली. एकात वर्गमूळ अधिक एक्स, दुसऱ्यात वर्गमूळ वजा एक्स. एक्स वर्ग अधिक एक, त्यातून एक्स वर्ग गेला.

"एक उरला," ती म्हणाली.

"एकाचा लॉग?"

"शून्य." मग ती सावकाश म्हणाली, "म्हणजे दोन्ही लॉगची बेरीज शून्य. एक जेवढा वर, दुसरा तेवढाच खाली. मॅडम, विषम आहे हे."

त्या दिवशी त्या गेल्यावर प्रेमराज म्हणाले, "तुले राग उना का पोरीसले समजस." मी त्यांना चहा दिला नाही.

वेळापत्रक लागलं आणि घोळ झाला. रुचीचा पेपर ज्या दिवशी अमळनेरला, तिच्या माहेरच्या कॉलेजात, त्याच दिवशी चाळीसगावला शेठजींच्या भाचीचं लग्न. मारवाडी घरात भाचीच्या लग्नाला मामानं मायरा न्यायचा असतो. मायरा म्हणजे मामाकडचा आहेर. कपडे, दागिने, मिठाई थाळांत सजवून सगळं घर वाजतगाजत बहिणीच्या दारात जातं. शेठजींची एकुलती एक बहीण, त्यामुळे थाळ घेऊन पुढे चालायला दोन्ही सुना हव्यात.

रुची एकटीच माझ्याकडे आली. डोळे सुजलेले होते. "मॅडम, मी पेपर देत नाही. मम्मीजी म्हणतात, थाळ दोघींच्या हातात हवेत. मला त्यांचं मन मोडवत नाही."

मला इतका राग आला की मी पदर खोचला आणि रिक्षा करून थेट त्यांच्या घरी गेले. रुची मागे धावत आली. दुकानाच्या वरच्या मजल्यावर प्रेमकुंवरबाई मायऱ्याचे थाळ सजवत बसल्या होत्या. विधी शेजारी बसून सुक्या मेव्याच्या पुड्या बांधत होती.

"तुम्हाला कळतंय का तुम्ही काय करताय?" मी उभ्या उभ्याच म्हणाले. "या पोरीची ही शेवटची संधी आहे. एका दिवसाच्या मिरवणुकीसाठी तिची सगळी वर्षं पाण्यात घालता?"

त्यांनी मला आधी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "बसा. मी पण धाकटी सून होते, दिपमालाबाई. आमच्या सासूबाईंच्या नणंदेच्या घरी मायरा गेला तेव्हा सासूबाईंनी थाळ थोरलीच्या हातात दिला. मी मागे, पोरं सांभाळत. लोकांना वाटलं मी कामाला ठेवलेली बाई आहे. एकीनं मला पाणी आणायला सांगितलं, आणि मी आणलं." त्यांनी थाळावरची चुनरी सारखी केली. "तेव्हाच ठरवलं, माझ्या घरी असं होणार नाही. रुचीच्या हातात थाळ नसला तर सगळं चाळीसगाव म्हणेल, धाकटीला मागे ठेवली."

माझा राग जागच्या जागी बसला. भांडायला आलेल्या बाईला समोरची बाई चुकीची निघावी लागते. इथे तसं काही निघेना. रुची दाराशी उभी होती. ती म्हणाली, "राहू द्या मॅडम."

"मम्मीजी," विधी म्हणाली, "एक बोलू?"

पुडी बाजूला ठेवून ती सासूबाईंच्या समोर येऊन बसली. "रुची पेपरला जाईल. तिचा थाळ पण मी उचलेन, दोन्ही हातांत दोन. लोकांना आपण सांगू की हा धाकटीचा. आणि श्रावणात तीजेच्या सणाला मी पालीला जाईन, एकटी. तेव्हा माझं सगळं काम रुची करेल."

"म्हणजे एक इथे, एक तिथे? ही बरोबरी झाली?"

"हो. मॅडमनी शिकवलंय. एकीकडे जेवढं जास्त, दुसरीकडे तेवढंच कमी, आणि मग उलटं. दोन्ही मिळवलं की शून्य. कुणाचं कुणाकडे काही राहत नाही. घडी घालून बघितलं तर नाही दिसत, मम्मीजी. कागद फिरवावा लागतो."

एवढे दिवस मी तिला फॉल लावणारी समजत होते.

प्रेमकुंवरबाईंनी माझ्याकडे वळून विचारलं, "असं गणितात चालतं?"

"चालतं. अगदी मान्य आहे."

"याला काही नाव आहे?"

"आहे," मी म्हणाले, "पण ते नंतर सांगेन." विषम हा शब्द त्या वेळी त्या घरात उच्चारायची माझी हिंमत झाली नाही.

त्यांनी दोन थाळ उचलून विधीपुढे सरकवले. मग रुचीला म्हणाल्या, "विधीसारखे बेसनाचे गट्टे करता येतात तुला?"

"नाही, मम्मीजी."

"श्रावणापर्यंत शिक."

पेपरच्या दिवशी मी घरात नुसती येरझारा घालत होते. प्रेमराज म्हणाले की माझ्या स्वतःच्या परीक्षेलाही मी एवढी घाबरले नसेन. दुपारी अमळनेरच्या स्टँडवरून फोन आला. मागे कंडक्टर ओरडत होता.

"मॅडम, तेच आलं. लॉग, आणि कंसात एक्स अधिक वर्गमूळ."

"आणि तू वाटलास?"

"अर्धा वाटला. एक्सचा लॉग लिहून झाला होता, पुढे अधिक पण काढलं होतं. मग भाभी डोळ्यांसमोर आली, दोन्ही हातांत दोन थाळ घेऊन. खोडलं मी. दुसरा कंस बोलावला, गुणलं, एक आला."

मी "बरं" एवढंच म्हटलं आणि फोन ठेवला. रडताना मला कुणी ऐकलेलं चालत नाही.

चाळीसगावची हकिकत विधीनं नंतर सांगितली. थाळ जड होते, खांदे दुखून आले. दारात शेठजींच्या बहिणीनं विचारलं, धाकटी कुठे? प्रेमकुंवरबाई ताठ उभ्या राहिल्या आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, "धाकटी अमळनेरला पेपर लिहितेय. हा तिचा थाळ." पुढे त्यांनी हे ज्यांनी विचारलं नव्हतं त्यांनाही सांगितलं, आणि शेवटी तर बँडवाल्यालाही.

जुलैत निकाल लागला. रुची पास झाली. गुण काठावरचे होते, पण पदवीला त्याचं काय. जळगावहून विद्यापीठाची गुणपत्रिका आली तशी तिनं बी.एड.ची तयारी सुरू केली. मी श्रावणात पेढे घेऊन त्यांच्या घरी गेले. विधी पालीला गेलेली होती. स्वयंपाकघरातून करपल्याचा वास येत होता आणि रुची मोबाईलवर विधीशी बोलत होती, "भाभी, बेसनात दही आधी की नंतर?"

प्रेमकुंवरबाई झोपाळ्यावर होत्या. त्यांना चिडवायची संधी मी सोडणार नव्हते.

"काय हो, विधी कधी येणार परत?"

"महिना पुरा झाला की."

"महिना? रुचीचा पेपर तीन तासांचा, आणि विधीला माहेर महिन्याचं. तुमच्या घरात ही बरोबरी कधीपासून? तुम्हाला वजाबाकी येत नाही की काय?"

मला वाटलं त्या हसतील. त्या हसल्या नाहीत.

"येते, दिपमालाबाई," त्या म्हणाल्या. "ती रेल्वेत बसली तेव्हा मी हिशेब केला. रुची आईजवळ असायची तेव्हा ही गाडीत असायची. पोहोचली की परत निघायची. मी दोघींना सारखे दिवस देत होते आणि वाटायचं, किती न्यायी आहे मी. विधी कधी बोलली नाही. लग्नापासूनचे सगळे गाडीतले दिवस मिळवले, तर महिन्याच्याही वर जातात. उरलेले पुढच्या तीजेला देईन."

मी पेढ्याचा पुडा पुढे केला. त्यांनी एक पेढा घेतला, अर्धा मोडला, आणि अर्धा जुन्या वाटणीच्या सवयीनं रुचीसाठी ठेवायला निघालेला हात मध्येच थांबला. तो अर्धाही त्यांनी स्वतःच खाल्ला आणि आत हाक मारली, "रुची, गट्टे करपले. पुन्हा कर."